लातूर पॅटर्नचा तंबू, नांदेडचा दगड

ग्लासगो, स्कॉटलंड

तीर्थरूप अण्णा,

पत्रास कारण की, "सायकलच्या फुटक्या ट्यूबा फेकू नका, जमवून ठेवा," एवढं मी फोनवर म्हणाले, तर "कशाला गं?" विचारून तुम्ही उत्तर ऐकायच्या आधीच फोन मायकडे दिलात. मायची समजूत अशी झाली की जावयाची नोकरी गेली आणि आता विलायतेत पंक्चरचं दुकान निघणार. तसं काही नाही. नोकरी शाबूत आहे. ट्यूबा तुमच्याच कामाच्या आहेत. पण का, ते कळायला आधी आमची स्काय बेटावरची हकिकत वाचावी लागेल. चष्मा लावून वाचा, मधेच मायकडे देऊ नका.

इथे उन्हाळा नावाचा एक प्रकार असतो. तो आला की माणसं चांगलं पक्कं घर सोडून रानात कापडाच्या पालात राहायला जातात. आपले ऊसतोडकरी हंगामभर पालात राहतात, त्याला कुणी सुट्टी म्हणत नाही; इथे म्हणतात. त्यात स्कॉटलंडमध्ये 2003 चा कायदा असा, की नीट वागलं तर बहुतेक मोकळ्या रानात कुणालाही तंबू ठोकता येतो. पैसे द्यावे लागत नाहीत. हे वाचल्यापासून तुमच्या जावयांना चैन पडेना.

जावई पडले लातूरचे. लातूरचा माणूस तंबूसुद्धा परीक्षेच्या 'लातूर पॅटर्न'नं ठोकतो. आधी नोट्स, मग सराव, मग सरावाचा सराव. निघण्याआधी बैठकीच्या खोलीत तंबूच्या चाचणी परीक्षा झाल्या. तुमच्या नातीला तणावे, मेखा, रिंगा सगळं तोंडपाठ. दोरी आणली तीही निवडून, बारीक पण हत्तीला पुरेल अशी. आणि ती तसूभरही ताणत नाही, हीच तिची मोठी जाहिरात.

स्कायवर पहिल्याच रात्री अभ्यासक्रमाबाहेरचा पेपर आला.

इथली एक पंचाईत सांगते. वारा पडला की चिलटं येतात. डोळ्याला धड दिसत नाहीत, पण चावून चावून माणसाला नाचवतात. जरा वारा असला की त्यांना उडता येत नाही. म्हणून शहाणी माणसं तंबू मुद्दाम वाऱ्याच्या जागी ठोकतात. आम्हीही ठोकला, आणि पुढे ताडपत्रीची पडवी काढली. चिलटं गेली. मग पडवी जायला लागली.

सलग वाहणारा वारा तंबू सोसतो, झोत सोसत नाही. वारा दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. ताशी 60 किलोमीटरचा झोत समोरून आला तर चौरस मीटरला साधारण 17 किलोनं रेटतो. म्हणजे तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद ताडपत्री आडवी सापडली तर दीड क्विंटल. तोही एकदम, हिसक्यानं. दोरी ताणत नसली की हिसक्याला जायला वाट राहत नाही. मग तो एक तर मेख उपटतो, नाहीतर ताडपत्रीची रिंग फाडतो. आमची रिंग फाटली. तो कोपरा सुटला तशी जावयांनी दोरी हाताला गुंडाळली आणि उजाडेपर्यंत बसून राहिले. झोत आला की हात पुढे जायचा, ओसरला की मागे यायचा. गंमत बघा, रात्रभरात त्या बाजूला पुढे काहीच फाटलं नाही. बाकीच्या पक्क्या बांधलेल्या कोपऱ्यांपैकी आणखी एक गेला.

सकाळी निकाल उघड होता. तंबूला शॉक ॲब्झॉर्बर पाहिजे, आणि तो लातूरहून आणलेला असला तर त्याला झोपही पाहिजे.

दुकानात तणाव्याला लावायची तयार रबरं मिळतात. पण सगळ्या दोऱ्यांना घ्यायची तर तेवढ्यात लोह्याच्या बाजारात ताडपत्री येईल. म्हणून घरी आल्यावर जावयांनी सायकलच्या दुकानातून टाकाऊ ट्यूबा आणल्या. अण्णा, ट्यूब घालून हवा भरायचा टायर चालीला आणणारा माणूस इथलाच. जॉन बॉइड डनलॉप, जन्म स्कॉटलंडचा, धंदा गुरांच्या डॉक्टरचा. बेलफास्टला पोराच्या तीनचाकीला हादरे बसतात म्हणून त्यानं चाकाला हवा भरलेली रबरी नळी लावली आणि 1888 साली पेटंट घेतलं. माळेगावच्या यात्रेत भेटला असता तर तुम्ही त्याला हाताला धरून लाल कंधारी बैलांच्या दावणीला नेलं असतं.

आता कृती. ट्यूबचा वीतभर तुकडा कापायचा. दोन्ही टोकं दुमडून डोळे करायचे आणि सुतळीनं घट्ट आवळायचे, कारण रबराची नुसती गाठ घसरते. तणाव्याच्या मधोमध दोन फासे पाडायचे आणि ट्यूबचे डोळे त्यात अडकवायचे. खरी मेख पुढे आहे. या दोन फाशांमधली दोरी कापायची नाही. ती ट्यूबपेक्षा निम्म्यानं जास्त ठेवायची, म्हणजे ती ढिली लोंबते. बारका झोत ट्यूब झेलते. मोठा आला की ट्यूब ताणत जाते, लोंबणारी दोरी सरळ होते आणि पुढचा भार दोरी घेते. दोरी मधे नसली तर ट्यूब ताणून तुटते, किंवा मेख उपटून गलोलीतून सुटल्यासारखी थेट तंबूत येते. म्हणून मेखही तंबूपासून बाहेर कलती ठोकायची आणि वर धोंडा ठेवायचा. वारा नसताना ट्यूब किंचित ताणलेली असावी. फार ढिली ठेवली तर कापड फडफडून फाटतं, फार ताणून ठेवली तर झोताला शिल्लक काही उरत नाही. आणि एका बाजूला ट्यूब लावली तर समोरच्या बाजूलाही तसंच झोत झेलणारं काहीतरी लावायचं, नाहीतर तंबू एकाच अंगाला कलतो.

हे सगळं वहीत आकृतीसकट उतरवून जावई मला म्हणाले, "बघ, लातूर पॅटर्न!"

मी म्हटलं, थांबा. आमच्या नांदेड-लोह्याकडे हे दगडानं होतं.

सोयाबीन काढून, ढीग रचून बनीम घातली की तुम्ही ताडपत्रीवरून दोर टाकून दोन्ही टोकांना दगड लोंबते सोडायचात, जमिनीला न टेकवता. वारा ताडपत्री उचलायचा, दगड वर जायचे. वारा ओसरला की खाली येऊन पुन्हा ताडपत्री दाबायचे. तेच मी पुढच्या खेपेला तणाव्याला केलं. दोरीच्या मधोमध दगड बांधला, जमिनीपासून हातभर वर. झोत आला की दोरी सरळ व्हायला बघते आणि त्यासाठी तिला दगड उचलावा लागतो. हिसक्याचा जोर तिथेच खर्ची पडतो. शिवाय नायलॉनचं कापड भिजलं की सैल पडतं; रात्री उठून कुणाला तरी दोरी ओढावी लागते. दगड ते काम न उठवता करतो.

यावर घरात दोन तट पडले. 2009 साली विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला यावरून जे झालं, त्याची आवृत्ती आमच्या तंबूत निघाली. दगडात रात्री नडगी फुटते, हा लातूरचा मुद्दा, आणि तो खरा आहे. मी म्हटलं, मग पाण्यानं भरलेली बाटली लटकवा. तर ज्या गावाला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथला हा माणूस भरलेली बाटली नुसती वजनाला टांगायला तयार होईना. तुमच्या नातीनं निवाडा दिला: वाऱ्याच्या बाजूला बाबांची ट्यूब, आडोशाला आईचा दगड. आयुक्तालयापेक्षा लवकर मिटलं. त्यानंतर रिंग फाटलेली नाही आणि जावई रात्री घोरतात.

सासूबाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. त्या औशाकडच्या. 1993 साली किल्लारीच्या भूकंपानंतर भिंतीचं भ्या घेतलेली माणसं ताडपत्रीखाली झोपायची, ते त्यांनी बघितलंय. त्या एवढंच म्हणाल्या, "ताडपत्री कधी आवळून मारू नये." आमची वहीभर आकृत्यांची गोष्ट त्यांनी एका ओळीत संपवली.

आता ट्यूबांचं. मागच्या साली दादानं पाठवलेल्या फोटोत बनिमीवरची ताडपत्री लोखंडी खुंट्यांना तारेनं आवळलेली होती. दगड दिसले नाहीत. चारही कोपऱ्यांच्या रिंगा निघालेल्या आणि सोयाबीन भिजलेलं दिसलं. दादा म्हणतो ताडपत्रीच हलकी निघाली. ताडपत्रीचा दोष थोडा, तारेचा जास्त. तार ताणत नाही, दगडासारखी वरखाली होत नाही. सगळा हिसका रिंगेवर येतो. परतीचा पाऊस काही नुसता पडत नाही, वावटळ घेऊन येतो.

तेव्हा एवढं करा. बनिमीवर पहिल्यासारखे दगडच सोडा, येजा नसलेल्या जागेला ते उत्तम. गोठ्यापुढच्या आणि खळ्यावरच्या ताडपत्रीला दगड येण्याजाण्यात आडवे येतात, तिथे ट्यूबा लावा, वर सांगितल्याप्रमाणे दोरी मधे ठेवून. ट्यूब सायकलचीच घ्या. ट्रॅक्टरची जाड असते, ती ताणण्याआधी रिंग फाटेल. आणि दादाला सांगा, यंदा नवी ताडपत्री घेण्याआधी तार काढून टाक.

मायला आणि वहिनीला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमची लेक

ता. क. उन्हानं रबर कडकतं. दर साली मृगाआधी ट्यूबा ओढून बघायच्या. भेग दिसली की तुकडा बदलायचा. पंक्चरवाल्याकडे त्या फुकट मिळतात.