पाच मिनिटांचं काम

आमच्या इमारतीतले काका वस्तू विकत घेत नाहीत, कच्चा माल घेतात. पंखा असो, नातवाची सायकल असो, नाहीतर काकूंचा कुकर. घरात आला की आधी उघडला जातो. "कल्पना चांगली आहे रे," ते म्हणतात, "पण मुळात लोचा आहे." भोसरीतल्या कारखान्यात टूलरूममध्ये उभा जन्म गेलेला माणूस 'मुळात' म्हणाला की आपण गप्प बसावं.

दिवाळीत अमेरिकेतल्या भाच्यानं रिमोटवर चालणारा ट्रक आणला. म्हणायला नातवासाठी. पण त्यात बॅटरीची मोटर नव्हती, अडीच सीसीचं खरं इंजिन होतं, तेव्हा नातवाचा प्रश्न तिथंच मिटला. इंधन म्हणजे मिथेनॉल, त्यात 20 टक्के नायट्रोमिथेन आणि वंगणाला तेल. ते विमानातून आणता येत नाही. काकांनी मॉडेल विमानं उडवणाऱ्या कुणाकडून तरी डबा पैदा केला. त्यातल्या तेलात एरंडेल होतं. जिन्यात वास पसरला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना त्यांचं बालपण आठवलं, आनंदानं नव्हे.

या इंजिनाला सुरू करायला दोरी असते. प्लगवर दीड व्होल्टचा सेल लावायचा, त्यातली प्लॅटिनमची तार लाल झाली की दोरी ओढायची. एकदा इंजिन पेटलं की तार आपली आपण तापलेली राहते, सेल काढून घ्यायचा. हे काकांनी मला, वॉचमनला आणि गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या मुलाला सारख्याच तन्मयतेनं समजावलं.

नवं इंजिन वरच्या टोकाला मुद्दाम घट्ट ठेवलेलं असतं, गरम झालं की बरोबर बसतं. काकांना हे माहीत होतं; म्हणून तर सुनेचा हेअर ड्रायर खाली आला. पण दोरी आखूड झटक्यांनी ओढायची असते, आणि काकांचा हात गावच्या विहिरीवरच्या पंपावर तयार झालेला. तिसऱ्या दिवशी दोरी त्यांच्या हातात आली, सगळीच.

दुसरा कुणी नवी दोरी घालता. काका म्हणाले, "दोरी हीच मुळात चूक."

मग आठवडाभर पर्याय चालले. पहिला, ट्रकखाली ठेवायची मोटरची पेटी. तिचं रबरी चाक खालून इंजिनाच्या फ्लायव्हीलला टेकतं. त्यासाठी काका मिक्सरच्या मोटरकडे बघताना दिसले आणि काकूंनी मिक्सर कुलपात टाकला. दुसरा पर्याय, दोरीचा सगळा डबा चार स्क्रू काढून उतरवायचा, त्या जागी नवं झाकण बसवायचं आणि मागून सहाकोनी सळई घालून ती ड्रिलनं फिरवायची. "पाच मिनिटांचं काम आहे. तुझं ड्रिल दे जरा."

माझ्याकडे तेव्हा एक फळी भिंतीला लावायची होती. ती आजही जमिनीवरच आहे.

गच्चीवर प्रयोग सुरू झाला. ड्रिल फिरे, सळई फिरे, इंजिन ढिम्म. "तुझ्या ड्रिलात दम नाही," काका म्हणाले. दम नसलेलं ते ड्रिल मी मुकाट्यानं रोज चार्ज करून देत होतो. शेवटी कंटाळलेल्या नातवानं ड्रिलचं बटण सहज उलटं केलं आणि इंजिन आज्ञाधारकपणे गरगरलं, उलट्या दिशेनं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. सळई ज्या वन-वे बेअरिंगमधून जाते, ते एकाच दिशेला पकडतं, आणि काकांनी ते पालथं ठोकलं होतं. "कंपनीनं त्यावर बाण तरी काढायचा," एवढंच म्हणाले. पुढच्या बेअरिंगवर मात्र त्यांनी स्वतः मार्करनं बाण काढला.

एवढ्या खटपटीत इंजिनात इंधन तुंबलं होतं. द्रव काही दाबला जात नाही, जोर केला तर आतला दांडा वाकतो. म्हणून प्लग काढून, ट्रक पालथा धरून ड्रिल फिरवायचं. काकांनी अगदी शास्त्रोक्त फिरवलं. फक्त समोर काकूंच्या कुरडया वाळत होत्या.

रविवारी सकाळी ते सुरू झालं. पहिल्याच फटक्यात! पार्किंगमध्ये पोरांनी आरडाओरडा केला, निळसर धूर उठला, नातवानं ट्रक दोन खांबांमधून वळवला. काका तिकडे बघतही नव्हते. त्यांनी ट्रक मागवून घेतला, एक्झॉस्टवर फडक्याचा बोळा दाबून इंजिन बंद केलं आणि पुन्हा सुरू केलं. पुन्हा बंद. पुन्हा सुरू. मी मोजलं, नऊ वेळा. दर वेळी चेहऱ्यावर तोच उजेड.

संध्याकाळी मी ड्रिल मागायला गेलो. काका जेवणाच्या टेबलाशी चष्मा नाकावर घेऊन बसले होते. स्टीलच्या वाटीत स्क्रू होते, आणि टेबलावर काहीतरी ओळखीच्या हिरव्या रंगाचं, दोन भागांत.

"ये ये. अरे, तुझ्या ड्रिलमध्ये मुळात…"

"काका, फळी लावायचीय."

"पाच मिनिटं बस. अगं, चहा टाक ह्याला."