सेन्सिटिव्हिटी फुल्ल

नवा मेटल डिटेक्टर हातात आला की माणूस आधी त्याची सेन्सिटिव्हिटी शेवटच्या काडीपर्यंत चढवतो. एवढे पैसे मोजलेत, मग मशीन अर्ध्या ताकदीवर का चालवायचं? इंग्लंडमध्ये पीक निघालेल्या शेतात रविवारी सकाळी हेडफोन लावून जुनी नाणी शोधत हिंडणाऱ्या मंडळींत नवखा कोण, हे विचारावं लागत नाही. त्याचं मशीन अखंड बडबडतं. वरून विजेची तार गेली, बडबड. खिशातला मोबाइल जागा झाला, बडबड. नवखा प्रत्येक बडबडीला मान देऊन खड्डा घेतो. दुपारपर्यंत थैलीत जमा होतात बिअरच्या डब्यांच्या कड्या, काडतुसांची पितळी बुडं आणि चॉकलेटची चांदी.

आजोबांच्या कानातलं यंत्र फुल्ल केलं की त्यांना पंखा ऐकू येतो, शेजारचा कुकर ऐकू येतो. समोर बसलेली आजी तेवढी ऐकू येत नाही. (यात दोष नेहमी यंत्राचाच असतो असं नाही.) खोलातल्या नाण्याची गत आजीसारखीच.

यामागचा हिशेब फार निर्दयी आहे. डिटेक्टरची चकती जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, त्याने नाण्यात विजेचे भोवरे उठतात आणि त्या भोवऱ्यांचं इवलंसं क्षेत्र चकतीकडे परत येतं. जाताना चकतीचं क्षेत्र अंतराच्या घनाच्या हिशेबाने विरतं आणि येताना नाण्याचंही तसंच. चकतीपासून पुरेसं लांब गेल्यावर अंतर दुप्पट झालं, तर हाती लागतो सिग्नलचा चौसष्टावा हिस्सा. उलट बाजूने पाहिलं, तर मशीनची ताकद दुप्पट केली तरी खोली वाढते जेमतेम बारा टक्के. वीस सेंटिमीटरवरचं नाणं पकडणारं मशीन साडेबावीसपर्यंत पोचणार! गोंगाट मात्र पुरता दुप्पट.

म्हणून मुरलेला गडी आधी आवाज उतरवतो. चकती जमिनीवर वरखाली करून ग्राउंड बॅलन्स साधतो, म्हणजे मातीतल्या खनिजांची कुरकुर मशीन कानाआड करतं. मग बडबड थांबेपर्यंत सेन्सिटिव्हिटी खाली आणतो. लोखंड गाळणारं डिस्क्रिमिनेशन तो जपून वापरतो, कारण खोलातलं नाणं शेजारच्या खिळ्याच्या संगतीने लोखंडासारखंच बोलतं. चकती जमिनीलगत, चाल गोगलगायीची. हेडफोनमध्ये पुसटसं ‘टुं’ झालं की तो थबकतो, नव्वद अंशांत वळून आडव्या दिशेने चकती फिरवतो. ‘टुं’ पुन्हा त्याच जागी आलं तरच फावडं.

गोंगाटाचं हे दुखणं जुनं आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली आणि ती शरीरातच राहिली. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल स्वतःचं धातुशोधक यंत्र घेऊन व्हाइट हाउसमध्ये हजर झाले. यंत्र बोललं, पण एका जागी नव्हे, ऐसपैस भागावर. राष्ट्राध्यक्षांच्या गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी होती! त्यात डॉक्टरांनी तपासू दिली उजवी बाजू, आणि गोळी होती डावीकडे. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले.

आपल्या दख्खनच्या काळ्या मातीत नाणी शोधण्याचा हा खेळ आणखी अवघड. ती ज्या बेसॉल्ट खडकातून बनते त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, म्हणजे सेन्सिटिव्हिटी फुल्ल केली तर अख्खं शिवारच ‘मी नाणं’ म्हणून ओरडेल. आणि खरंच काही सापडलं तर १८७८ चा कायदा उभा आहे: दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन सापडलं की कलेक्टरला लेखी कळवायचं. हे दहा रुपये १८७८ चेच, महागाईने त्यांना हात लावलेला नाही.

खणणाऱ्यांच्या गप्पांत शेवटी हॉक्सनचा विषय निघतोच. नोव्हेंबर १९९२ मध्ये इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या या गावी एरिक लॉज डिटेक्टर घेऊन शेतात उतरले, ते एका शेतकऱ्याची हरवलेली हातोडी शोधायला. लोखंड गाळून हातोडी कशी सापडणार? इतर मंडळी ज्या आवाजाला टाळतात, त्याच्याच मागे ते निघाले होते. लागली रोमन काळातली सोन्याचांदीची नाणी, एकूण पंधरा हजारांच्या आसपास, वर दागिने आणि चमचे. लॉज यांनी स्वतः आणखी उकरत न बसता अधिकाऱ्यांना कळवलं, पुरातत्त्ववाले आले. पुढे हातोडीही सापडली आणि खजिन्यासोबत तीही ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. शेतकऱ्याला नवी घ्यावी लागली असणार.