आयजीच्या जिवावर उदार कसे व्हावे
(वाघोलीत नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शिका)

प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत वाघोलीतलं कॉलेज मिळालेल्या, वसतिगृहाची अनामत भरून झालेल्या आणि आईवडील परतीच्या गाडीत बसताच एकदम मोठ्या झालेल्या सर्व विद्यार्थ्यांचं स्वागत. येथे आपल्याला चार वर्षांत अभियंता किंवा तत्सम काहीतरी बनवण्यात येईल. त्याशिवाय उदारही बनवण्यात येईल. पहिल्या कामासाठी प्राध्यापक नेमलेले आहेत. दुसऱ्यासाठी कोणीच नाही, म्हणून हा खटाटोप. प्रस्तुत लेखक तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे या विषयातला ज्येष्ठ समजायला हरकत नाही.

उदार होणं ऐच्छिक असतं, हा गैरसमज पहिल्या सत्रापुरता टिकतो. पुढे कॅम्पस मुलाखतींचे वारे वाहू लागतात, बायोडेटात 'सामाजिक कार्य' नावाचा रिकामा रकाना दिसतो आणि गरिबांविषयी कळवळा दाटून येतो. यासाठी राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे आपली एनएसएस, उपलब्ध आहे. ती १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांतल्या ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. हिशेब सरळ आहे. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० आणि मध्ये सात दिवसांचं निवासी शिबिर. तिच्या ब्रीदवाक्याचा आशय 'मी नव्हे, तुम्ही' असा आहे. तासांची नोंदवही समोर आली की ते उलटं वाचायची पद्धत आहे.

आता पात्रता. दात्याला स्वतःचं उत्पन्न नसावं, ही पहिली आणि बहुधा एकमेव अट. स्वतःच्या कमाईचे पाचशे रुपये देताना माणूस तीनदा विचार करतो. घरच्यांनी सोयाबीन विकून किंवा पतसंस्थेतून उचलून पाठवलेले पाचशे देताना हात कसा सैल सुटतो. खातं बाबांच्या मोबाइलला जोडलेलं असेल तर सोन्याहून पिवळं. तिकडे त्यांना 'आपल्या खात्यातून ५०० रुपये वजा' असा मेसेज जातो, इकडे आपल्या स्टोरीवर जोडलेले दोन हात झळकतात. त्यांचा फोन येतो, "अरे, कशाचे पाचशे गेले?" आपण सांगतो, "बाबा, दान केलं." पलीकडे जरा वेळ कोणी बोलत नाही. ती शांतता अभिमानाची असते, असं गृहीत धरून चालावं. आयजीच्या जिवावर बायजी उदार ही म्हण पूर्वी टोमणा म्हणून वापरत. आमच्याकडे ती पात्रतेचा निकष आहे.

स्थळाविषयी थोडं. वाघोलीचं वय आपल्याइतकंच अडनिडं आहे. हे गाव एकेकाळी पिलाजी जाधवरावांचं. वाघेश्वराचं मंदिर अजून त्या काळाची साक्ष देत उभं आहे. पुढे हवेली तालुक्यातली मोठी ग्रामपंचायत झाली आणि २०२१ साली पुणे महापालिकेत आली. म्हणजे घरच्या धाकातून सुटली, पण नव्या घरात अजून कोणी नीट जेवायला वाढत नाही. सोसायट्यांच्या फाटकाशी टँकर उभे असतात आणि वसतिगृहात 'आज पाणी जपून वापरा' हा कागद कायमचा चिकटवलेला असतो. रामवाडीपर्यंत आलेली मेट्रो पुढे वाघोली आणि विठ्ठलवाडीपर्यंत न्यायला केंद्राने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. ती येईल तेव्हा आपण पदवीधर, कदाचित पालकही असू. तोवर केसनंद फाट्यावर उभं राहून संयम हा सद्गुण फुकटात अंगी बाणवता येतो. इतर ठिकाणी त्यासाठी शिबिरं भरवतात.

दानाची सुरुवात जुन्या कपड्यांपासून करण्याची प्रथा आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी मजल्यावर खोका ठेवावा, वर 'आपुलकीची भेट' असं लिहावं आणि दोन दिवस वाट पाहावी. खोक्यात साधारण हे निघतं: आम्लाने भोकं पडलेला लॅबचा एप्रन, एका पायाचे मोजे, कोणाच्या तरी 'फ्रेशर्स'चा टी-शर्ट, मोडका ड्राफ्टर आणि जुन्या पॅटर्नची इंजिनिअरिंगची पुस्तकं. आपल्या विद्यापीठाचा पॅटर्न २०१२, २०१५, २०१९, २०२४ असा बदलत आला आहे, त्यामुळे पुस्तकं दान करण्याची संधी दर पिढीला मिळते. एम-थ्रीचं जुनं पुस्तक चौथीतल्या मुलाच्या काय कामाचं, असल्या क्षुल्लक शंका काढू नयेत. खोका रिकामा झाला की आपलं कपाट रिकामं झालेलं असतं, हा या दानाचा सिद्ध झालेला लाभ.

कपाटावर हात न टाकता द्यायचं असेल तर रक्त आहे. वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. एका वेळी ३५० मिलीलीटर घेतात, आणि पुन्हा द्यायचं तर मुलांनी तीन महिने, मुलींनी चार महिने थांबायचं. मेसच्या जेवणावर ४५ किलो टिकवून धरणं हेच मुळात समाजकार्य आहे. हा प्रकार मात्र काहीसा धोकादायक म्हणावा लागेल. एक तर हे खरोखर आपलं असतं, त्यात बाबांच्या खात्याचा संबंध येत नाही. दुसरं, ते कोणाला मिळालं हे कळत नाही, त्यामुळे कृतज्ञतेचा फोटो निघत नाही. बिस्किटाचा पुडा घेऊन मुकाट्याने परत यावं लागतं.

फोटोची खरी सोय खाणीवर आहे. बकोरी-भावडीच्या बाजूला दगडाच्या खाणी आणि खडीचे क्रशर आहेत. पुण्यातल्या कितीतरी इमारतींच्या पोटात तिथली खडी आहे, आपल्या वसतिगृहाच्याही असेल. दगड फोडणारी कुटुंबं खाणीला लागूनच राहतात. मुलं शाळेपर्यंत पोचत नाहीत, तर शाळाच खाणीवर न्यावी, या विचारातून वाघोलीत 'संतुलन' संस्थेने पाषाण शाळा उभ्या केल्या. नाव चपखल आहे. असल्याच एका वस्तीवर, कुठल्या ते सांगत नाही, आमची तुकडी वह्या घेऊन गेली तेव्हाचं निरीक्षण मार्गदर्शनासाठी नोंदवतो.

आम्ही बॅनर उघडत होतो, तर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी पुढे आली. केसांवर पांढरी धूळ, वेण्यांना लाल रिबिनी. तिने बॅनरकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं. "दादा, इकडं नका धरू. उन्हं तोंडावर येत्यात, मग डोळे बारीक होत्यात." मग आम्हाला क्रशरकडे पाठ करून उभं केलं. उंच मुलांना मागे घातलं, लहानांना पुढे उकिडवं बसवलं आणि वही छातीशी धरून नाव दिसेल अशी फिरवायला लावली. कोणाचं नाव? आमच्या कॉलेजचं. फोटो झाल्यावर विचारलं, "झालं का? का अजून एक वह्या देतानाचा पाहिजे?" या कामातला तिचा अनुभव आमच्यापेक्षा दांडगा होता. आम्ही पहिल्यांदा देत होतो, ती कितव्यांदा तरी घेत होती.

तिथल्या बाईंनी वह्या मोजून कपाटात ठेवल्या. कपाट आधीच भरलेलं होतं. "वह्यांचं काय, येतात," त्या म्हणाल्या. "दर बुधवारी पाच ते सहा भागाकार शिकवायला कोणी येईल का?"

इथे मार्गदर्शिकेचा सर्वांत अवघड भाग सुरू होतो. बाईंच्या या प्रश्नाला तीन मान्यताप्राप्त उत्तरं आहेत: "नक्की कळवतो," "सबमिशन झाल्यावर बघू" आणि "आमच्या सरांशी बोला." तिन्ही तोंडपाठ असावीत. एखाद्याच्या तोंडून घाईत "येतो" असं निघालंच, तर पुढचं ऐका. ६१८ भागिले ६. पोरगं १३ लिहितं. आपण सांगतो, चूक, १०३. ते विचारतं, मधलं शून्य कुठून आलं? आपल्याला लाप्लास रूपांतर येतं, डिफरन्शियल इक्वेशन सोडवता येतं, मधलं शून्य कुठून आलं ते सांगता येत नाही. "एकाला सहाचा भाग जात नाही म्हणून शून्य द्यायचं." "जात नाही, तर कशाला द्यायचं?" या प्रश्नावर प्रथम श्रेणीतली माणसं घामाघूम झालेली आहेत. शेवटी त्याच्याच शेजारच्या पोराने खडी मांडली. सहा जणांना सहाशे खडे वाटले तर एकेकाला शंभर. उरले अठरा, त्याचे तीन-तीन. "म्हंजे शंभर आन् तीन. तेरा कसं व्हईल? तुजं नव्वद कुनी खाल्लं?" पद्धत दोघांनाही एकदमच कळली, म्हणजे त्या पोराला आणि आपल्याला.

धोका इथेच आहे. पुढच्या बुधवारी ती पोरं वाट पाहतात. कपड्यांचा खोका वाट पाहत नाही, रक्ताची पिशवी तीन महिने थांबा म्हणते, भागाकार मात्र आठवड्याने पुन्हा हजर. त्याच्या पुढच्या बुधवारीही. म्हणून अनुभवी दाते वस्तू देतात आणि वार कधी देत नाहीत.

वार दिला की काय होतं याची उदाहरणं दूर शोधायला नकोत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारी भागात भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादची गावंच्या गावं कोसळली. बांधकाम व्यवसायातले शांतिलाल मुथ्था आणि त्यांची भारतीय जैन संघटना तिथली १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला घेऊन आली. त्यासाठी पुढे वाघोलीत संकुल उभं राहिलं. आपण आज त्या बाजूने रिक्षाने जातो आणि रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून वाद घालतो. मुलं आणणं ही बातमी होते. पण दुसऱ्या दिवशी १२०० मुलांना उठवायचं, अंघोळी, नाश्ता, रात्री घर आठवून रडणाऱ्याजवळ बसायचं. मग पुन्हा तेच, शाळा संपेपर्यंत. पुढे मेळघाटची मुलं आली, मग आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरची. ज्या शिबिराला समारोपच नाही, त्याचं प्रमाणपत्र कोण देणार? नवोदितांनी हा मार्ग टाळावा.

कर्मवीर भाऊराव पाटलांचं उदाहरणही असंच गैरसोयीचं. १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. नंतर साताऱ्याच्या वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी पत्नी लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्रही विकावं लागलं. अशा टोकाला आमच्याकडे कोणी जात नाही. विद्यापीठाच्या 'कमवा व शिका' योजनेला मात्र त्यांचं नाव आहे. ग्रंथालयात पुस्तकं लावणारा, बागेला पाणी घालणारा आपल्या वर्गातला मुलगा त्याच योजनेतला असतो. त्याला पार्टीची वर्गणी मागताना आवाज जरा खाली ठेवावा, एवढंच सुचवतो. पुण्यातलीच विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातल्या मुलांना राहायला-जेवायला जागा देते आहे. तिथून शिकून गेलेले पुढे स्वतः देणारे होतात म्हणे. आधी घ्यायचं आणि मग द्यायचं, हा क्रम आम्हाला उलटा वाटतो. आम्ही घेत असताना देणारे म्हणून नाव नोंदवतो.

घेण्याचं शास्त्र यावरून निघालं म्हणून सांगतो, कारण ते कोणी शिकवत नाही. माझा रूममेट बीडकडचा. त्याच्या घरून ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे डबा देतात. गाडी नगर रस्त्याने येते, पहाटे फाट्यावर अर्धा मिनिट थांबते, तेवढ्यात डबा घ्यायचा आणि ड्रायव्हरच्या हातावर पन्नास ठेवायचे. वर दशम्या, मध्ये धपाटे, खाली शेंगदाण्याची चटणी. दशम्या मजल्यावर पंधरा मिनिटांत संपतात. यावर कोणी 'आपुलकीची भेट' असं लिहिलेलं नसतं आणि बॅनर धरून फोटोही निघत नाही. आईने विचारलेलं असतं फक्त, "तुला पोचलं का? का त्या पोरांनीच खाल्लं?" दोन्ही प्रश्नांना हो म्हणावं.

अडचण येते ती परतीच्या डब्याची. डबा रिकामा परत पाठवायचा नसतो, हे प्रत्येक मराठी पोराला कोणी न शिकवता ठाऊक असतं. पण वाघोलीतून पाठवण्यासारखं काय आहे? आम्ही बराच काथ्याकूट केला. मेसमधली साखर म्हणजे आयजीचीच साखर. शेवटी त्याने पहिल्या इंटर्नशिपच्या पैशातून बाकरवडी घेतली, भरली, झाकण लावलं आणि दाबून बसवलं. आईचा फोन आला: "कशाला खर्च केलास? स्वतः खायचं ना." दात्याला लाभार्थ्याकडून शिव्या पडल्या, म्हणजे दान योग्य जागी पोचलं असं समजावं.

ज्यांना वरील कुठलाच सल्ला पटला नसेल, त्यांच्यासाठी नाइलाजाने कळवतो. भागाकाराचा तास बुधवारी पाच वाजता असतो. आता अपूर्णांक सुरू झालेत, त्यामुळे तयारी करून यावं. वह्या आणू नयेत, कपाटात जागा नाही. आम्ही चौथ्या वर्षाला प्रोजेक्टमध्ये अडकणार, तेव्हा वार सांभाळायला दुसऱ्या वर्षातले दोघे हवे आहेत. केसनंद फाट्यावरून वस्ती फार लांब नाही. चार वाजताच निघावं.