फ्रिजचा पंचनामा

अमेरिकेतील धनाढ्य गायकाच्या घराचे दर्शन घडविणारा दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम ज्याने आयुष्यात एकदा पाहिला असेल, त्याला त्या कार्यक्रमातील फ्रिजचे माहात्म्य निराळे सांगावयास नको. संगमरवरी जिना, कोणीही कधी न वाजविलेला पांढरा पियानो, मोटारींची पागा आणि चादरीवर एकही सुरकुती नसलेला पलंग, एवढी तीर्थे झाली, की यजमान स्वयंपाकघरात प्रवेश करतो, कॅमेऱ्याकडे अर्थपूर्ण दृष्टीने पाहतो आणि फ्रिज उघडतो. आत पाण्याच्या एकाच छापाच्या बाटल्या असतात. सगळ्यांची लेबले दर्शनी बाजूस असतात. यजमान कृतार्थ होऊन दार लावतो.

वास्तविक फ्रिज ही घरातील सर्वांत सत्यवचनी वस्तू होय. दिवाणखान्याला खोटे बोलता येते, ग्रंथांचे कपाट तर बहुधा खोटेच बोलते. परंतु परवा काय शिजले, त्यातले काय उरले आणि काय टाकून देण्याचे धैर्य घरात कोणासही झाले नाही, याचे दप्तर फ्रिजमध्ये तारीखवार लागलेले असते. म्हणून या फ्रिजचा पंचांसमक्ष पंचनामा करणे प्राप्त आहे. वरच्या फळीवर पाणी. मधल्या फळीवर पाणी, रंगीत. खालच्या फळीवर शँपेन आणि एका काचेच्या वाडग्यात लिंबे, जी पिळून पाहण्यास पंचांना मज्जाव करण्यात आला. अर्धवट वापरलेली वस्तू एकही नाही. झाकण हरवले म्हणून वर ताटली घातलेले पातेले नाही. ज्याचा वास दुसऱ्या दिवशी दुधाला लागतो, तो अर्धा कांदा नाही. अमेरिकन माणूस कणकेचा गोळा वाटीखाली झाकून ठेवीत नाही, हे न्यायबुद्धीने मान्य केले, तरी परवाच्या पिझ्झाचा कडक झालेला तुकडा, तळाशी चिकटलेल्या सॉसची उलटी ठेवलेली बाटली आणि मुदत संपल्याची तारीख कोणीही न वाचलेले खोकल्याचे औषध, ही जी सर्व देशांतील फ्रिजांची समान संपत्ती, तिचा येथे मागमूस नाही. दरवाजाच्या कप्प्यात लोणी नाही. अंड्यांच्या खळग्यांत अंडी नाहीत. बर्फ आहे, परंतु बर्फ ही वस्तू मालकी हक्काचा पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही. आणि पंचांनी विशेष नोंद केलेली बाब अशी, की दार उजवीकडून उघडते की डावीकडून, हे मालकाला ऐन वेळी स्मरले नाही. त्याने आधी चुकीच्या बाजूला हात घातला, हसला, आणि मग दुसऱ्या बाजूला घातला. ज्या माणसाने मध्यरात्री, दिवा न लावता, घरच्यांच्या नकळत, बोटाने चाचपून एकदाही ते दार उघडलेले नाही, तो त्या घरात राहतो, असा निष्कर्ष काढण्यास पंचांची तयारी नाही.

तो राहतच नाही, हे यथावकाश उघडकीस येते. लॉस एंजेलिसच्या टेकड्यांवरील प्रासाद चित्रीकरणासाठी दिवसाच्या भाड्याने मिळतात. मोटारी तशाच मिळतात. आणि विक्रीस काढलेल्या रिकाम्या घरात कोचापासून भिंतीवरच्या चित्रापर्यंत सर्व सामान महिन्याच्या बोलीने मांडून देणे, हा तर त्या देशात एक प्रतिष्ठित व्यवसाय आहे. आपल्याकडे रुखवतात शेजारणीकडून मागून आणलेली पितळी समई मांडली, तर दुसऱ्या दिवशी ती परत करताना निदान थोडी लाज वाटत असे. येथे लाजेची तरतूद करारातच नाही.

आता ज्याच्या नावे हा सगळा देखावा, त्या गायकाची जमाबंदी पाहावी. ध्वनिमुद्रण कंपनी त्याला उचल देते. स्टुडिओचा खर्च, आणि चित्रफितीच्या खर्चाचाही बहुधा मोठा हिस्सा, त्याच्याच खाती मांडला जातो आणि तो त्याच्या रॉयल्टीतून, म्हणजे विक्रीतील त्याच्या तुटपुंज्या वाट्यातून, वळता करून घेतला जातो. परिणामी कंपनीचा नफा सुरू होऊन बराच काळ लोटला, तरी गायकाचे देणे शिल्लक राहू शकते. हा कर्जदार मनुष्य भाड्याच्या घरात, भाड्याच्या मोटारीला टेकून, आपल्या संपत्तीचे रहस्य तरुण पिढीला सांगतो, आणि तरुण पिढी ते हप्त्यांवर आत्मसात करते. २००८ साली त्याच देशात गृहकर्जांचा डोलारा कोसळला आणि लक्षावधी कुटुंबांच्या घरांवर जप्ती आली. त्या घरांतल्या फ्रिजांत खरे लोणी होते, खरी अंडी होती, खोकल्याचे औषधही होते. ते दाखविण्यास कोणी कॅमेरा घेऊन गेले नाही!

पण माझी खरी फिर्याद वेगळीच आहे. हे कार्यक्रम ज्या संगीतवाहिन्यांवर बोकाळले, त्या गाणी दाखविण्याकरिता जन्मास आल्या होत्या. १९८०च्या दशकात ध्वनिमुद्रण कंपन्या आपल्या चित्रफिती जाहिरात म्हणून वाहिन्यांना फुकट देत, आणि फुकटच्या मालावर वाहिन्यांचा संसार थाटात चाले. मग हिशेबनिसांच्या असे ध्यानात आले, की गाणे चार मिनिटांचे असते आणि न आवडल्यास प्रेक्षक पाचव्या सेकंदाला दुसरीकडे जातो; उलट भांडण अर्ध्या तासाचे असते आणि ते न आवडले, तरी प्रेक्षक हलत नाही. झाले. गाण्यावर बेदखलीची नोटीस बजावण्यात आली. प्रथम ते संध्याकाळमधून गेले, मग दुपारमधून, आणि शेवटी चोर आणि दमेकरी तेवढे जागे असतात, अशा प्रहरी त्याची रवानगी झाली. १९९१ नंतर केबलच्या तारेवरून हाच धंदा आपल्याकडे आला आणि आपणही तोच कित्ता इमानेइतबारे गिरविला. २००५ नंतर वाटेल ते गाणे वाटेल तेव्हा इंटरनेटवर मिळू लागले, तेव्हा वाहिन्यांनी हंबरडा फोडला, की इंटरनेटने आमचे गाणे पळविले. स्वतःच्या हाताने उंबऱ्याबाहेर काढलेली वस्तू चोरीला गेली, अशी तक्रार कोणत्या ठाणेदाराने नोंदवून घ्यावी?

आणि त्या गाण्याबरोबर ती पट्टीही गेली. गाणे सुरू होताना आणि संपताना पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, खालच्या अंगाला, गाण्याचे नाव, गाणाराचे नाव, संग्रहाचे नाव आणि कंपनीचे नाव अशा चार ओळी उमटत. पुढे त्यांत दिग्दर्शकाचीही भर पडली. दूरचित्रवाणीवर वाचण्याजोगा म्हणून तेवढाच मजकूर होता. कोणी काय केले, हे त्यात आडपडदा न ठेवता लिहिलेले असे. ती पट्टी कोणाच्या हुकमाने काढून टाकण्यात आली, याची चौकशी झालीच पाहिजे, आणि दोषी इसमास त्या फ्रिजमधील लिंबे खावयास घातली पाहिजेत.

तूर्त माझा अर्ज एवढाच, की असे घर दाखविताना ती पट्टी सक्तीने पुन्हा सुरू करावी. पहिल्या ओळीत घराच्या खऱ्या मालकाचे नाव, दुसरीत भाडेपट्ट्याची मुदत तासांमध्ये, तिसरीत मोटारी, कोच, चित्रे आणि पाण्याच्या बाटल्या पुरविणाऱ्यांची यादी, आणि चौथीत यजमानाच्या डोक्यावरील कंपनीचे येणे, अक्षरी व अंकी. एवढी पट्टी सावकाश वाचावयाची, तर प्रेक्षकाला चार मिनिटे तरी लागतीलच; तेवढ्या अवधीत पाठीमागे एखादे गाणे वाजवून घेण्यास वाहिनीची हरकत नसावी.