सूर्य मावळेना

म्युनिक,
रविवार, १२ एप्रिल २०२६

ती. आई आणि अण्णांना साष्टांग नमस्कार,

पार्सल पोचलं. येसर आणि काळं तिखट सुखरूप आहे. पुढच्या वेळी पेढे मात्र घालू नको. बाहेरून दुधातुपाचं काही इथं येऊ देत नाहीत. या वेळचे पेढे कोणाच्या पोटात गेले ते नरसिंहालाच ठाऊक.

काल फोनवर तू काळजीनं विचारलंस, "नरसिंहजयंती होणारंय की नुसत्या मिटिंगाच?" होणारंय. तिथी ३० एप्रिलची, गुरुवारची. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन. इथं कामगार दिन, पण सुट्टी ती सुट्टी. आम्ही खुशीत होतो. मग कळलं की तिथीच्याच रात्री जर्मन लोक मे महिन्याचं स्वागत नाचून करतात, म्हणून हॉल केव्हाच गेलेत. शेवटी एका चर्चच्या मागचा मिळाला. भाडं ३०० युरो, अनामत वेगळी. अण्णा, रुपयांत सांगत नाही, आधी बीपीची गोळी घ्या. एवढे पैसे मोजून झाडू-पोछा आपणच करायचा, कचरा रंगाप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा. काचेच्या बाटल्या सुट्टीच्या दिवशी टाकायच्या नाहीत, आवाज होतो! जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणणाऱ्यानं इथं हॉल घेतलेला नसावा, एवढं तात्यांना सांगा.

मोठ्या काकूंनी म्हैस विकली हे खरं का? आणि विकली तर तुझ्याशी अबोला कशापायी?

पण खरा घोळ सूर्याचा आहे. जन्म तिन्हीसांजेचा. आपल्या गावी पोखर्णीत पावणेसातला दिवेलागण, आरती, मग निवांत पंगत. इथं एप्रिलअखेर सव्वाआठ वाजून गेले तरी सूर्य मावळायचं नाव घेत नाही, आणि दहाच्या ठोक्याला आवाज बंद. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची, असा नियम. म्हणजे जन्म, आरती, पंगत, भांडी सगळं दीड तासात. हिरण्यकश्यपूनं दिवसा नको, रात्री नको असा वर उगाच मागितला. इथं राहता तर शेजाऱ्यांनीच दहानंतर त्याच्या केसाला धक्का लागू दिला नसता.

यावर आम्हा इथल्या मराठी मंडळींची मिटिंग झाली. पुणेकर म्हणाले, सूर्य पोखर्णीचाच धरा. तिथले पावणेसात म्हणजे इथले सव्वातीन. नागपूरच्या वहिनी म्हणाल्या, सव्वातीनला ऑफिसात काय साहेबाला ओवाळू? सोलापूरकरांनी दोन्ही सूर्य धरायला सांगितले, कारण त्यांना दोनदा जेवायचं होतं. ठरलं असं: सव्वातीनला आपल्या बबन्यानं तिथल्या देवळाच्या मंडपातून व्हिडिओ कॉल लावायचा, आरती आणि पंगत मात्र इथल्या सूर्यावर.

थांब, कुकर उतरवून येते.

हां. तर १ मेला इथल्या गावागावांत उंच रंगीत खांब उभारतात. त्याआधी शेजारच्या गावचे लोक तो चोरून नेतात आणि बिअर घेऊन परत देतात! तुमच्या जावयांनी नरसिंहासाठी पुठ्ठ्याचा खांब करायला घेतलाय. म्हटलं, रात्री उशाशी घेऊन झोपा.

येणाऱ्यांसाठी फॉर्म काढलाय: किती माणसं, तिखट चालतं का, दाण्याची ॲलर्जी आहे का. अण्णा, तुम्ही जन्मात कधी पंगतीची माणसं मोजलीत? चार जास्त आली तर वरणात तांब्याभर पाणी. परवा परभणीच्या एका पोराचा फोन आला. नुकताच शिकायला आलाय. "ताई, फॉर्मची तारीख गेली. तरी आलो तर चालेल का?" आपल्याकडचं पोरगं, आणि देवाच्या जेवणाला यायची परवानगी मागतंय! मला पुढं बोलताच येईना. शेवटी म्हटलं, ये रे बाबा, आणि जेवायलाच ये, भांडी मी घासते. मग आत जाऊन तुझ्या येसरचा डबा उघडून नुसता वास घेतला.

बबन्याला गंगाखेडची मुलगी पसंत आहे म्हणे. मग कुंडलीवर गाडी का अडलीय? तिला त्याचं घोरणं तेवढं आधी सांगा, पुढं आमच्यावर नको. आणि त्याला बजावा, मोबाईल देवासमोर धर. मागच्या वर्षी अख्खी आरती आम्ही मंडपाच्या पत्र्याची पाहिली. अण्णा, गाभाऱ्यात जाताना कंबर सांभाळून वाका.

काकूंशी तूच आधी बोल. म्हैस गेली, जाऊ नाही.

तुमची,
शोभा