खंडणी, मुक्काम पोस्ट बीड जिल्हा

खंडणी,

तुला नमस्कार घालत नाही. तुझ्या जिवावर काळ्या काचांच्या गाड्या फिरवणारे रोज घालतातच. मी केज तालुक्यातला मतदार आहे आणि तुझा हिशेब मांडायला बसलो आहे.

तुझी खबर मात्र पक्की असते. कंपनीने माळावरची जमीन भाड्याने घेतली, क्रेन मागवली, की तलाठ्याच्या आधी तुला कळतं. आमच्याकडे पाणी नाही, वारा आहे. म्हणून पवनचक्क्या आल्या तेव्हा लोकांना बरं वाटलं. दसरा उलटला की मुकादमाची उचल घेऊन, लेकरंबाळं ट्रॅक्टरवर घालून, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला जायचं, त्यापेक्षा गावात वॉचमनची नोकरी काय वाईट? त्या वॉचमनच्या पगारालाही तू आडवी आलीस.

आमच्या तालुक्यातल्या मस्साजोगचंच घे. पोलीस सांगतात, पवनचक्क्या उभारणाऱ्या आवादा कंपनीकडे दोन कोटी मागितले गेले. 6 डिसेंबर 2024 ला प्रकल्पावरच्या वॉचमनला मारहाण झाली. तो दलित समाजातला. निरोप मिळाला तसे सरपंच संतोष देशमुख धावून गेले. ते मराठा. आपल्या गावच्या माणसाला मारतायत, एवढंच त्यांनी पाहिलं. तीन दिवसांनी, 9 डिसेंबरला, डोणगाव टोलनाक्याजवळ त्यांची गाडी अडवून त्यांना उचलून नेलं आणि हाल हाल करून मारलं. मारणारे त्याचं मोबाईलवर चित्रण करत होते. दोषी कोण ते न्यायालय ठरवील, पण ज्या पैशासाठी हे झालं तो पैसा तुझा होता.

आणि मग तू तुझा जुना डाव टाकलास. गाव विचारत होतं, पैसे कुणी मागितले? तू लोकांना विचारायला लावलंस, आरोपी कुठल्या जातीचा? मराठा आणि वंजारी एकमेकांकडे संशयाने बघायला लागले. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या एका फडात ऊस तोडला, त्यांची पोरं एका टपरीवर चहा पिईनाशी झाली. अखेर पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांना 2025 मध्ये पोलिसांच्या छातीवरच्या पाटीवरून आडनाव काढून नुसतं नाव ठेवावं लागलं. तक्रार द्यायला आलेला माणूस आधी हवालदाराचं आडनाव वाचतो, इथवर तू आम्हाला आणलंस. मला तुझा सगळ्यात जास्त राग याचा आहे. गेलेला पैसा आज ना उद्या वसूल होईल, हे कसं वसूल करायचं?

तू भितेस ती फक्त उघड बोलण्याला. डिसेंबर 2024 च्या नागपूर अधिवेशनात आष्टीचे आमदार सुरेश धस, बीडचे संदीप क्षीरसागर, केजच्या नमिता मुंदडा हे तिघेही बोलले. धसांनी सूत्रधारासाठी वापरलेला ‘आका’ हा शब्द घरोघर पोचला. मुख्यमंत्र्यांना सभागृहात विशेष तपास पथक आणि न्यायालयीन चौकशी जाहीर करावी लागली. पुढे आरोपींवर मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, लागला, आणि हत्येचे फोटो बाहेर आल्यावर 4 मार्च 2025 ला ज्यांचे निकटवर्तीय आरोपींत होते, त्या परळीच्या आमदार धनंजय मुंडे यांना मंत्रिपद सोडावं लागलं. आमदार जागेवर उभा राहून बोलला तर काय होतं ते आम्ही पाहिलं, तूही पाहिलंस. म्हणूनच त्या राजीनाम्याआधी, फेब्रुवारी 2025 मध्ये, धस आणि मुंडे यांच्या भेटीची बातमी आली तेव्हा आमच्या पोटात गोळा आला. धस म्हणाले, तब्येतीची चौकशी करायला गेलो होतो. असेल. पण सरपंचाच्या घरी दुखवटा असताना ती चौकशी आम्हाला रुचली नाही, हे त्यांना सांगायलाच हवं.

तुझं बस्तान बसलं ते आमदारांच्या एका सवयीमुळे. रोजगाराचं भाषण उद्घाटनाला, कायदा-सुव्यवस्थेचं आंदोलनात, समाजाचं मेळाव्यात. तीन जागी तीन भाषणं, आणि तुझं नाव एकातही नाही. अहो आमदारसाहेब, हे तुम्हालाही सांगतो: बीडला रेल्वे यायला तीस वर्षं लागली. 17 सप्टेंबर 2025 ला अहिल्यानगरची गाडी सुटली तेव्हा म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. त्या रुळांवरून उद्या कुणी कारखाना काढायला आला, तर तो जमिनीचा भाव नंतर विचारील, आधी खंडणीचा दर विचारील.

म्हणून गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज, परळी, सहाही आमदारांकडे माझं मागणं आहे, आणि ते तुझ्या तोंडावर मांडतो. पक्ष कुठलाही असो, दर अधिवेशनात बीडचा एक तारांकित प्रश्न लागला पाहिजे. खंडणीच्या किती तक्रारी आल्या? तक्रार आणि गुन्हा यांत किती दिवस गेले? जिल्ह्यात हजारावर शस्त्रपरवाने वाटले गेले, ते कुणाच्या शिफारशीवर? 6 ते 9 डिसेंबर या तीन दिवसांत पोलिसांनी काय केलं? साक्षीदारांच्या घरी पहारा आहे का? आणि मस्साजोगचा तो वॉचमन आज कामावर आहे का?

केज तालुक्यातला एक मतदार