अण्णांचा नवा लेखनिक

जनाबाईंच्या नावावर एक अभंग आहे. कोणत्या संताचं बोलणं कोणी लिहून घेतलं, याची त्यात चक्क यादी आहे. ज्ञानेश्वरांचं सच्चिदानंदबाबांनी, मंगळवेढ्याच्या चोखोबांचं अनंतभट्टांनी, आणि जनीचं? खुद्द पांडुरंगानं! आमच्या सोलापूर जिल्ह्यातली लेखनिकांची परंपरा अशी थेट विटेवरून सुरू होते. त्यामुळे फोन बोललेलं लिहून घेतो याचं आम्हाला अप्रूप वाटायचं खरं तर कारण नाही. पण पांडुरंगानं लिहायला बसण्याआधी जनीला ‘भाषा निवडा’ असं विचारल्याची कुठे नोंद नाही. फोन विचारतो, आणि सोलापुरात घोडं नेमकं इथंच पेंड खातं.

पूर्व भागात आमचे एक स्नेही आहेत, टॉवेलचे कारखानदार. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, अक्कलकोटकडच्या हमालाशी कानडी, टेम्पोवाल्याशी दख्खनी, आणि नोटा मोजताना परत तेलुगू. यातली कुठली निवडायची? २०२२ साली आलेलं ‘व्हिस्पर’ नावाचं गाजलेलं यंत्र तब्बल सहा लाख ऐंशी हजार तासांचं बोलणं ऐकून तयार झालं आहे. ते आवाजाचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे करतं आणि भाषा सांगितली नसेल तर पहिल्या तुकड्यावरून ती ताडतं. तीस सेकंदांत अण्णांच्या तीन भाषा झालेल्या असतात आणि चहाही सांगून झालेला असतो.

बिचाऱ्या यंत्राला नावं ठेवू नयेत. त्याचा पूर्वज फारच साधा होता. १९५२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ‘ऑड्री’ नावाचं कपाटाएवढं धूड बनवलं होतं. त्याला फक्त शून्य ते नऊ हे आकडे कळायचे, तेही ओळखीच्या माणसानं, थांबत थांबत सांगितले तर. आमच्या मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव सुरू असताना त्याला उभं केलं असतं, तर पहिल्याच गाडीला त्याला भोवळ आली असती.

मराठीत बोलून टाइप करायची सोय गूगलनं २०१७ साली दिली. सुरुवातीचा तो विरामचिन्हांविना मजकूर वाचताना मला मोडी लिपीची आठवण व्हायची. मोडीतही लेखणी न उचलता ओळभर सरळ लिहीत जायचं. शब्द कुठे तुटतो, वाक्य कुठे संपतं, ते वाचणाऱ्यानं आपल्या अकलेनं पाहून घ्यावं. मराठीला विरामचिन्हांची शिस्त लावायला मेजर थॉमस कँडीसाहेब यावे लागले. १८५० साली त्यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ नावाचं पुस्तकच काढलं. आता हे काम नव्या यंत्रांकडे गेलं आहे. (मधली दीडशे-पावणेदोनशे वर्षं आपण स्वतः स्वल्पविराम कुठे देत होतो, याबद्दल न बोललेलं बरं.)

गंमत अशी, की पूर्णविराम कानाला ऐकू येतच नाही. माणूस थांबतो तिथे वाक्य संपतं असं म्हणावं, तर अण्णा थांबतात ते कारखान्यातल्या जॉबरवर ओरडायला. म्हणून यंत्र आवाजाबरोबर शब्दांचीही संगत पाहतं. अशा शब्दांपुढे लोक सहसा काय लिहितात, त्याचा अंदाज बांधतं आणि खूण ठोकतं. अण्णांनी सांगितलेल्या एका पत्रात म्हणूनच ‘तरी कृपया रक्कम पाठवावी. तीन नंबर बंद का आहे?’ असा नीटनेटका मजकूर उमटला. पलीकडच्या व्यापाऱ्यानं म्हणे तीन नंबरचं बिल शोधण्यात अर्धा दिवस घालवला. बंद होता तो माग.

या यंत्रांची आणखी एक खोड जगभर नोंदली गेली आहे. कुणीच बोलत नसलं, नुसताच आवाज असला, तरी त्यांना गप्प बसवत नाही. इंटरनेटवरच्या चित्रफितींखालच्या ओळी वाचून ती शिकलेली. त्यामुळे शांततेतूनही त्यांना ‘पाहिल्याबद्दल धन्यवाद’ ऐकू येतं. अण्णांच्या कारखान्यात फोन चुकून चालू राहिला, तेव्हा खटखटणाऱ्या मागांच्या नावावर दोन वेळा धन्यवाद जमा झाले. अण्णा म्हणाले, “वीस वर्षांत पहिल्यांदाच मागांनी आभार मानले.”

व्यासांनी गणपतीला अट घातली होती, अर्थ समजल्याशिवाय लिहायचं नाही. यंत्राला तशी अट घातली तर ते नम्रपणे कबूल होईल आणि लिहीतच राहील. आता तर लिहून झाल्यावर त्या मजकुराला आंघोळ घालणारं दुसरं यंत्र मागे बसलेलं असतं. ते ‘अं’ काढतं, ‘म्हणजे काय की’ काढतं, परिच्छेद पाडतं, वर ‘महोदय’ चिकटवतं. मला हे फारसं रुचत नाही. माणूस ओळखू येतो तो बऱ्याचदा त्या ‘काय की’मध्येच. पण अण्णांचं मत वेगळं आहे, आणि ते अनुभवाचं आहे.

पुण्यातल्या एका जुन्या दोस्ताकडे त्यांची उधारी तुंबली होती. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत त्यांनी फोनला सांगितलं, “काय करूलालास बे? दिवाळीचा माल नेलास, संक्रांत आली, पैशाचं नाव नाही. तुझ्या दुकानात येऊन बसू काय?” कागदावर उतरलं ते असं: ‘महोदय, दिवाळीपूर्वी पाठवलेल्या मालाची रक्कम अद्याप प्राप्त झालेली नाही. आवश्यकता भासल्यास मी आपल्या दुकानास समक्ष भेट देईन.’ वीस वर्षं ज्याला ‘बे’शिवाय हाक मारली नाही, त्याला ‘महोदय’! दोस्ताला वाटलं, अण्णांनी वकील गाठला. संध्याकाळच्या आत निम्मे पैसे जमा झाले.

उरलेल्या निम्म्यासाठी अण्णांनी कालच दुसरं पत्र सांगितलं. या खेपेला शिव्या जरा जास्त घातल्या, म्हणजे ते आणखी सभ्य होईल.